गाणाऱ्यानं स्वतःबद्दल किती बोलावं?

2023 च्या जानेवारीत चार दिवसांची रजा टाकून मावशीकडे गेलो होतो. मावशी राहते सुरतेजवळ, इच्छापोरला. सुरत स्टेशनवरून तापी ओलांडायची, अडाजण आणि पाल मागे टाकायचं आणि हजिऱ्याच्या रस्त्याला लागायचं, की हे गाव येतं. रस्त्यावर दिवसरात्र ट्रक. माझा मावसभाऊ हजिऱ्याकडच्या एका कारखान्यात वीसेक वर्षं नोकरीला आहे. त्यानं इथंच फ्लॅट घेतला आणि मावशीला पेडण्याहून घेऊन आला. तेव्हापासून आमच्यातलं कुणीही सुरतेला निघालं की त्याच्या पिशवीत सोलं, उकडे तांदूळ आणि सुकी सुंगटं ठरलेली. या खेपेला माझ्या पिशवीत एक जाडजूड पुस्तकही होतं. गाडीत वाचायला म्हणून घेतलेलं.

पुस्तक म्हणजे रेमो फर्नांडिसचं इंग्रजी आत्मचरित्र. हार्पर कॉलिन्सनं 2021 साली काढलेलं. (गोव्यात त्याला फर्नांडिस कुणी म्हणत नाही, अहोजाहो तर नाहीच. वयानं एवढा मोठा, 2007 साली पद्मश्री मिळालेला माणूस, तरी रेमो तो रेमोच. तेव्हा मीही तसंच लिहितो, राग नसावा.) इच्छापोरला पोचेपर्यंत माझं अर्धं वाचून झालं होतं. पुढच्या चार दिवसांत ते पुस्तक घरातल्या आणि शेजारच्या माणसांच्या हातांतून फिरलं, आणि प्रत्येकानं आपलं मत दिलं. काहींनी वाचून, काहींनी न वाचता! मला लिहायचं आहे ते या मतांविषयी. पुस्तकाचं परीक्षण करायचा माझा विचार नाही.

ज्यांना रेमो ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म 1953, पणजी. म्हणजे गोवा मुक्त झाला तेव्हा हा आठ वर्षांचा. घर शिवोलीचं. मुंबईला जेजेमध्ये वास्तुशास्त्र शिकला, पण इमारती काही बांधल्या नाहीत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला युरोपात आणि उत्तर आफ्रिकेत लिफ्ट मागत हिंडला, वाजवत गात राहिला. परत येऊन 1984 साली 'गोअन क्रेझी' नावाची कॅसेट काढली. आपल्याकडची रॉक मंडळी तेव्हा बहुतकरून इंग्लंड-अमेरिकेतली गाणी हुबेहूब म्हणण्यात धन्यता मानत होती. यानं इंग्रजीतच, पण गोव्यावरची, इथल्या माणसांवरची स्वतःची गाणी लिहिली. राजीव गांधी पंतप्रधान असताना गोव्यात त्यांच्यासमोरच त्यांना उद्देशून गाणं म्हटलं. भ्रष्टाचारावरून कानपिचक्या देणारं! स्थानिक पुढारी संतापले. पण खुद्द राजीव गांधींनी गाणं आवडल्याचं कळवलं आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. पुढे मणिरत्नमच्या 'बॉम्बे'च्या हिंदी आवृत्तीत 'हम्मा हम्मा' त्यानं गायलं, 1995 साली. भारतभर पोचला तो त्या गाण्यानं.

आता मतं.

पहिलं मत मावसभावाचं. तो रात्रपाळी करून आला, आंघोळ केली, चहाचा कप घेऊन बसला आणि त्यानं पुस्तक मधूनच उघडलं. मग आणखी मधून. मग शेवटाकडून. मी विचारलं, काय शोधतोस? म्हणाला, "कुणाकुणाची नावं घेतलीत ते बघतो." सिनेमावाल्यांबद्दल काय लिहिलंय, बायकांबद्दल काय लिहिलंय, कुणाचे पैसे कुणी बुडवले... हे सापडलं तर पुस्तक चांगलं. नाही सापडलं तर त्याच्या मते लेखकानं लपवलं. म्हणजे दोन्हीकडून लेखक आरोपीच.

मला हसू आलं, पण भावाला एकट्याला का हसायचं? मराठी वाचकाला आत्मचरित्र कोर्टासारखं वाचायची सवय जुनी आहे. सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' 1990 साली आलं तेव्हा मी शाळेत होतो, तरी आठवतं... आमच्या घरी मोठी माणसं त्यावर भांडायची, आणि भांडण पुस्तकावर नसायचंच. पु.लं.ची बाजू घ्यायची की सुनीताबाईंची, एवढंच. बाईनं किती स्वच्छ गद्य लिहिलंय यावर मी तरी तेव्हा एक वाक्य ऐकलं नाही. निकाल द्यायची घाई सगळ्यांना.

दुसरं मत मास्तरांचं. हे भावाचे शेजारी, मूळचे धुळ्याकडचे. सुरतेत महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, त्यांतल्या एका शाळेत सबंध नोकरी केली आणि निवृत्त झाले. सुरतेतला मराठी माणूस म्हटलं की उधना-लिंबायतकडचा खानदेशी कामगार डोळ्यांसमोर येतो. त्या कामगारांच्या पोरांना यांनी तीस वर्षं मराठी शिकवली. घरी दोन कपाटं भरून पुस्तकं. रविवारी सकाळी ते पोंक घेऊन आले. (जानेवारीत सुरतेला गेलात तर पोंक चुकवू नका. कोवळ्या ज्वारीचा हुरडाच तो, वर शेव आणि लिंबू.) पोंक खाता खाता त्यांनी मला इंग्रजीतली दोन-तीन पानं वाचून दाखवायला लावली, नीट ऐकली आणि विचारलं, "यानं सोसलं काय?"

मी म्हटलं, सोसायलाच पाहिजे का?

मास्तर म्हणाले, "आत्मचरित्र लिहायचं तर पाहिजे. 'बलुतं' घ्या, 'उपरा' घ्या. गाणाऱ्यांतच बघायचं तर बाबूजींचं 'जगाच्या पाठीवर' घ्या. उपाशीपोटी वणवण केली त्यांनी. तुमच्या या रेमोचं घर खाऊनपिऊन सुखी, दारात समुद्र, हातात गिटार. मग सहाशे पानं मी, मी आणि मी. आम्ही काय घ्यायचं त्यातून?"

मास्तरांचं म्हणणं सहज उडवून लावण्यासारखं नाही. पुस्तक मलाही लांब वाटलं. आणि 'बलुतं' (1978), 'उपरा' (1980) या पुस्तकांनी मराठी आत्मचरित्राला जे दिलं ते एवढं मोठं आहे, की त्यानंतर सुखवस्तू माणसाचा 'मी' कानाला खटकणारच. पण बाबूजींचं नाव निघालं म्हणून मी एक गोष्ट मास्तरांपुढे ठेवली. 'जगाच्या पाठीवर' अपुरं राहिलेलं आत्मचरित्र आहे, सुधीर फडके 2002 मध्ये गेल्यानंतर पुस्तकरूपानं आलेलं. त्यात आहे ते मुख्यतः उमेदवारीच्या काळातले हाल. ज्या गाण्यांमुळे ते घराघरांत पोचले, ती कशी बसवली, चाल कशी सुचली, 'गीतरामायणा'चा आठवडा आठवड्याला उभा राहणारा डोलारा कसा पेलला, हे त्यांच्याच हातून सविस्तर लिहून यायला हवं होतं. ते राहिलं. आणि गंमत अशी, की आपल्याला त्याची फारशी चुटपुटही लागत नाही. भुकेचे दिवस वाचले, डोळे पुसले, पुस्तक मिटलं. गायक यशस्वी होण्याआधी आत्मचरित्र संपलं तर आपल्याला ते जास्त आवडतं. पुढचं सांगायला लागला की ती बढाई!

मास्तर जरा गप्प झाले. मग खऱ्या शिक्षकासारखे माझ्या बाजूचा दाखला त्यांनी स्वतःच दिला. म्हणाले, "तुम्ही नर्मदाच्या गावात बसलाय हे विसरू नका." गुजरातीतलं पहिलं आत्मचरित्र मानतात ते कवी नर्मदाचं 'मारी हकीकत'. नर्मद सुरतेचा. 1866 साली, वय वर्षं तेहतीस, त्यानं स्वतःची हकीकत लिहून काढली. पण हयातीत मोजक्या प्रतींपलीकडे ती गेली नाही. नर्मद 1886 मध्ये वारला, आणि लोकांच्या हाती पुस्तक पडलं ते 1933 साली, त्याच्या जन्मशताब्दीला. आज त्याच्या नावानं सुरतेत विद्यापीठ आहे. मास्तर म्हणाले, "स्वतःबद्दल बोलणाऱ्याला आपण मेल्यावर माफ करतो."

मास्तर गेल्यावर माझ्या मनात आलं, की गोव्यात तर आपण तेवढीही वेळ येऊ दिली नाही. कारण आमच्याकडच्या बहुतेक गाणाऱ्यांनी लिहिलंच नाही.

आठवून बघा. केरीच्या केसरबाई केरकर. त्यांची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानावरच्या तबकडीत घालून अंतराळात पाठवली. आज ती ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचली आहे. त्यांच्या हातचं आत्मचरित्र? नाही. कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. गाव साळावलीच्या धरणात बुडालं, दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं आणि लोक बघायला जातात. मोगूबाईंनी सांगितलेली मोगूबाई मात्र कुठल्याही मोसमात वर येत नाही. आहेत त्या आठवणी, दुसऱ्यांनी सांगितलेल्या. बाई किती तापट होत्या, कुणाला कसं सुनावलं, कुणाची मैफल कशी मोडली... त्यांच्या कलावंत समाजात जन्मलेल्या बाईला आत्मचरित्र लिहायचं तर पहिल्याच प्रकरणात वडिलांचं नाव काय लिहायचं इथून सुरुवात. लोकांच्या प्रश्नांची उत्तरं देत बसण्यापेक्षा त्यांनी गाणं गायलं. त्यांना दोष कोण देईल?

ख्रिस्ती गोंयकारांचंही फार वेगळं नाही. हिंदी सिनेमाची सुवर्णकाळातली गाणी कितीतरी गोंयकार वादकांनी आणि अरेंजरांनी उभी केली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतले. प्यारेलालचे व्हायोलिनचे गुरू. शिष्यानं 'अमर अकबर अँथनी'त (1977) गुरूचं नाव अमिताभच्या तोंडी घातलं म्हणून देशाला नाव पाठ झालं. माणूस कोण हे कुणाला ठाऊक? ते 2012 मध्ये वारले. त्यांच्या पिढीतल्या वादकांवर पुस्तकं लिहिली ती पत्रकारांनी आणि परदेशातल्या अभ्यासकांनी. 

मी कारकून माणूस. कार्यालयात एक गोष्ट पक्की शिकलो: फाईलवर ज्याची सही नाही तो त्या बैठकीला हजर नव्हता. मग त्यानं तिथं कितीही घसा कोरडा केलेला असो! गाणाऱ्यांच्या बाबतीत गोव्याची फाईल अशीच जवळजवळ कोरी आहे. त्यात रेमोनं शेकडो पानं भरून सही केली. ती अक्षरं मोठी वाटतात, याचं एक कारण आजूबाजूला दुसरी अक्षरं फारशी नाहीत.

तिसरं मत पुतणीचं. कॉलेजात आहे, मराठी बोलते, वाचते गुजराती आणि इंग्रजी. तिला 'हम्मा हम्मा' ठाऊक होतं, पण 2017 च्या सिनेमातलं नवं. मूळ गाणं मी तिला ऐकवलं तेव्हा म्हणाली, "काका, हा माणूस तुमच्याकडचा?" एवढ्या एका प्रश्नावर ती पुस्तक घेऊन गॅलरीत बसली. दोन तासांनी आली ती कॅसेटची गोष्ट घेऊन.

ती गोष्ट गोव्यात आमच्या वयाच्या सगळ्यांना ठाऊक आहे. कुठलीही कंपनी पाठीशी नसताना रेमोनं शिवोलीच्या घरात चार ट्रॅकच्या यंत्रावर 'गोअन क्रेझी' ध्वनिमुद्रित केली. सगळी वाद्यं स्वतः वाजवली, सगळे आवाज स्वतः दिले. एक ट्रॅक भरायचा, तो ऐकत ऐकत दुसरा भरायचा. कव्हरही स्वतः काढलं. मग कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानोदुकानी फिरला. पुढे मोठ्या कंपन्या आल्या त्या यानंतर.

पुतणी म्हणाली, "आम्ही आता फोनवर हेच करतो. यानं तेव्हा केलं?" तिच्या कॉलेजातली दोन मुलं घरी बसून गाणी करतात म्हणे. तिला रेमोचा राग-लोभ, बढाई, सोसणं, काही दिसलं नाही. तिला दिसलं काम. कसं केलं, कशावर केलं, पैसे कुठून आणले. मला वाटतं घरातली खरी वाचक तीच निघाली.

आता माझं स्वतःचं सांगतो. आम्ही पेडण्याचे. मध्ये शापोरा नदी. पलीकडे शिवोली, अलीकडे आमचं चोपडें. आता पूल आहे. माझ्या लहानपणी फेरीबोट. अलीकडे दशावतार, भजन, शाळेत मराठी, देवळात मराठी नाटक. पलीकडे चर्च, बँड, गिटार. पाच मिनिटांची नदी, पण आमच्या घरी रेमोची कॅसेट आली तेव्हा काकांनी ती बाजूला ठेवायला लावली होती. "तो आपला नव्हे." कारण काय तर इंग्रजीत गातो. पुढे 1987 चा राजभाषा कायदा आला. मराठी-कोंकणीच्या वादात शेजारी शेजाऱ्याशी बोलेना. तेव्हा तर काय आपलं आणि काय नव्हे याच्या याद्याच झाल्या घरोघरी. मी पुस्तक वाचताना हे सगळं बरोबर घेऊन वाचत होतो. त्याच्या गोव्यात माझा गोवा किती सापडतो हे पेन्सिल घेऊन मोजत होतो. म्हणजे भाऊ कोर्ट घेऊन बसला, मास्तर दुःखाचा तराजू घेऊन, आणि मी शिरगणतीचा तक्ता घेऊन!

हे माझ्या लक्षात आणून दिलं ते चौथ्या वाचकानं. खरं तर श्रोत्यानं. मावशी.

मावशी तेव्हा चौऱ्याऐंशीची. तिला इंग्रजी येत नाही आणि दिसतंही कमी. संध्याकाळी ती खिडकीशी बसायची, हजिऱ्याच्या बाजूला कारखान्यांचे दिवे लागायचे, आणि मी तिला पुस्तकातलं थोडं थोडं सांगायचो. सांगायचो अर्थात घरच्या बोलीत. लिहायचं मराठीत आणि बोलायचं कोंकणीत ही आम्हा पेडणेकरांची जुनीच तऱ्हा. तिचं बोलणं इथं मराठीत देतो.

कॅसेटची गोष्ट ऐकल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे आवाज भरायला त्याला कुणाला विचारावं लागलं नाही?"

म्हटलं, नाही. स्वतःच्या घरात भरला.

"आणि वर नाव स्वतःचंच घातलं?"

"हो. कॅसेट त्याची, नाव त्याचं."

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी गात होते ते ठाऊक आहे तुला?"

मला ठाऊक होतं ते एवढंच, की मावशी देवापुढे बरं म्हणते. तिनं सांगितलं ते वेगळं होतं. पोर्तुगीज अमदानीतली गोष्ट, ही पंधरा वर्षांची. गावच्या जत्रेत मराठी संगीत नाटक बसायचं. नायिकेच्या कामाला एक देखणा मुलगा होता, पण गळा नव्हता. मग हिला विंगेत, पेटीवाल्याच्या मागं, बसवलं. मुलगा पुढं उभा राहून ओठ हलवायचा आणि पदं ही म्हणायची. मुलीनं रंगमंचावर जायचं नाही, गाणं मात्र पाहिजे. पदाला वन्समोअर मिळाला की मुलगा वाकून नमस्कार करायचा, आणि ही आतून पुन्हा पहिल्यापासून. हँडबिलावर त्याचं नाव. चार वर्षं असं चाललं.

"गावाला कळत नव्हतं का, आवाज कुणाचा?"

"सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हणून तर कुणी विचारलं नाही."

मी चाळिशी ओलांडलेला माणूस, गाण्यावर चार लेख लिहिलेला, केसरबाई-मोगूबाईंची नावं घेऊन गोव्याच्या परंपरेवर भाषणं ठोकलेला... आणि माझ्या सख्ख्या मावशीला मी एकदाही विचारलं नव्हतं. काकांनी रेमोला 'आपला नव्हे' म्हटलं त्याची मला चीड होती. ही तर आपलीच होती ना?

दुसऱ्या दिवशी मी फोन मध्ये ठेवला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हटलं, मावशी, सगळं सांग. तिनं सांगितलं. पेटीवाला कोण होता, पदं तोंडी कशी पाठ केली, पट्टी कुठली, मुलाच्या ओठांशी जुळवायला श्वास कुठं घ्यायची. एवढ्या वर्षांनी तिनं दोन पदांच्या सुरुवाती म्हणून दाखवल्या. आवाज पार गेलेला, पण जागा जिथल्या तिथं. पुतणी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मग गोष्ट लग्नापाशी आली. गाणं का थांबलं, कसं थांबलं. मावशीनं फोनकडे बघितलं आणि म्हणाली, "ते बंद कर."

मी बंद केला. मग तिनं जे सांगितलं ते मला सांगितलं, तुम्हाला नाही. ते इथं येणार नाही. जे लिहिलं आहे ते तिला विचारून.

तर सांगायचा मुद्दा असा. आत्मचरित्र वाचताना आपण लेखकाकडे दोन मागण्या एकाच वेळी करतो. सगळं उघड कर, आणि स्वतःबद्दल फार बोलू नकोस. या दोन्ही कशा जमायच्या? हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' 1970 साली आलं. तोंडी सांगितलेलं, दुसऱ्यानं उतरवून घेतलेलं. बाईनं काही लपवलं नाही. त्यावरून श्याम बेनेगलांनी 'भूमिका' केला, 1977 साली. नंतर गोव्यावर 'त्रिकाल' (1985) केला तेव्हा त्यात रेमोही गाताना दिसला, हा एक योगायोग. पण हंसाबाईंच्या पुस्तकावर मी आजवर जी बोलणी ऐकली, त्यांत त्यांच्या नवऱ्याची आणि दारूची चर्चा जास्त आणि अभिनयाची कमी. एवढं उघडं करून बाईला मिळालं काय, तर प्रेक्षक! वाचक थोडे.

माझं मत असं, की गाणाऱ्यानं स्वतःबद्दल जेवढं बोलावंसं वाटेल तेवढं बोलावं. भरपूर बोलावं. लांबलं तर आपण पानं उलटू, त्यात आपलं काय जातं? बढाई वाटली तर वाटू द्या. साक्षीदार जरा फुशारकी मारतो म्हणून त्याची साक्ष फुकट जात नाही, तपासून घ्यायची असते. रेमोचं पुस्तकही तपासूनच घ्यावं. त्याच्या आठवणीत त्याची बाजू असणार, दुसऱ्याची दुसरीकडे असेल. पण तपासायला काहीतरी कागदावर पाहिजे, ते त्यानं दिलं. आणि त्याचबरोबर, जिथं तो गप्प राहिला असेल तिथं त्याला गप्प राहू द्यावं. फोन बंद कर म्हणायचा हक्क पद्मश्रीवाल्याला आहे आणि विंगेतल्या बाईलाही आहे.

मास्तरांना मी हे फोनवर सांगितलं. त्यांना पटलं नाही. "सोसणं नाही तिथं साहित्य नाही," यावर ते अजून ठाम आहेत. मात्र उधन्याला त्यांचे एक जुने विद्यार्थी आहेत, यंत्रमागावर आयुष्य गेलं, अहिराणी गाणी म्हणतात. त्यांच्याकडे मास्तर आता दर आठवड्याला वही घेऊन जातात. इंग्रजीतल्या पुस्तकाची आणखी काही पानं मागायला त्यांनी माझ्या पुतणीचं दार वाजवलं होतं, असंही कळलं.

पुस्तक मी इच्छापोरलाच ठेवून आलो. मावसभाऊ विचारतो, "शेवटी कुणाचं नाव घेतलंय की नाही?" त्याला म्हटलं, वाच आणि सांग.

मावशीची साडेतीन तासांची बोलणी माझ्याकडे आहेत. उतरवून काढायला घेतली आहेत. रोज ऑफिसातून आल्यावर दहा मिनिटांची उतरवतो, त्याला तास लागतो. मधेमधे ट्रकांचे हॉर्न, मधेमधे वहिनीची कुकरची शिट्टी. एका ठिकाणी पद म्हणता म्हणता ती थांबते आणि विचारते, "हे कोण वाचणार?" त्यावर मी काहीच बोललेलो नाही, असं फितीवर दिसतं. या खेपेला पोंकाच्या दिवसांत पुन्हा जाईन तेव्हा काय ते सांगायला पाहिजे. रजेचा अर्ज टाकला आहे.